अकराव्या डब्यातून परतलेला कप्तान

दातांच्या डॉक्टरांनी ऑपरेटरच्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "काका, मग बुधवारचं नक्की ना?"

आता जिभेखाली कापूस, गालात नळी आणि दातावर डॉक्टरांचं बोट असताना माणसानं सांगावं तरी काय? ऑपरेटर नुसताच "आँ" म्हणाला. डॉक्टरांनी तो होकार धरला.

"बघा! मी मंडळात म्हटलंच होतं, काका नाही म्हणायचे नाहीत."

ऑपरेटर म्हणजे त्या गावातल्या एकुलत्या एक थेटरात अडतीस वर्षं पिक्चरचं मशीन चालवणारा माणूस. आता पंचाहत्तरीला टेकलेला. मशीन जाऊन बटण आलं, बटण दाबायला मालकीणबाई स्वतः समर्थ होत्या, त्यामुळे हा घरी बसला. पण त्याचा मान काही घरी बसला नव्हता. डॉक्टर त्याचे दात फुकट बघत, नळवाला बोलावल्याच्या आधी हजर होई, आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडम त्याला पायी जाताना पाहिलं की शिकाऊ माणसाकडून गाडी थांबवून घेत. तो शिकाऊ कधी थांबवी, कधी खांबाला लावी, पण भावना चांगली असे.

हा सगळा मान एका पिक्चरपायी. 'धूमकेतूचे पहारेकरी.'

चाळीस वर्षांपूर्वी पहिला भाग लागला तेव्हा गर्दी अशी, की मागून ढकललेला माणूस हवेतनं तिकीट काढून, आत पिक्चर बघून, दुसऱ्या दारानं बाहेर पडला तरी त्याचे पाय जमिनीला लागले नव्हते. त्यातून मंडळ निघालं. पहारेकरी मंडळ. आता डॉक्टर त्याचे अध्यक्ष, मॅडम उपाध्यक्ष आणि तो नळवाला, ज्याला सगळे वाळवी म्हणत, तो चिटणीस. वाळवी का, तर कुठल्याही गोष्टीत शिरला की आतून पोखरूनच बाहेर पडे. पिक्चर बघताना पडद्याच्या कापडाचे धागे मोजणारा माणूस तो.

पहिल्या भागावर मंडळाचा जीव. आणि त्यानंतर आलेल्या पाचही भागांवर दात. प्रत्येक नवा भाग आला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला ही मंडळी पुढच्या दोन रांगा अडवून बसणार, पहिल्या मिनिटापासून "च् च् च्" करणार, आणि बाहेर येऊन फुटपाथवर दोन-दोन तास शंख करणार. पाचव्या भागाच्या वेळी तर डॉक्टरांनी रागाच्या भरात एका पेशंटचा चांगला धडधाकट दात उपटला. पेशंटला पत्ताच नाही. तोही मंडळाचाच, तोही त्याच भागाला शिव्या देत होता.

"एवढा वाईट असतो, तर जाता कशाला?" असं ऑपरेटरनं एकदा विचारलं होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू श्वास कशाला घेता असं विचारलंय.

आणि राग कशाचा? तर कप्तानाचा.

पहिल्या भागात शेवटाकडे यानाला आग लागते. कप्तान सगळ्यांना होडीत बसवून सोडतो, आतून दार लावून घेतो, आणि ज्वाळांत दिसेनासा होतो. थेटरात रडारड. आणि तेवढ्यात, हो, तेवढ्यातच, तो कप्तान समोरून हसत हसत चालत येतो! अंगावर जाकीट कोरं करकरीत. तो शिडी चढतो, एरियल दुरुस्त करतो, करताना तारेत अडकून डावी बाही फाडून घेतो, वर विनोदही करतो. त्या क्षणी थेटरात जी आरोळी उठली, तिनं म्हणे बाजूच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या तीन घड्याळांना चालू केलं. मग पुढच्या प्रसंगात सगळे खलाशी कप्तानासाठी रडताना दिसतात. मंडळानं त्याचा अर्थ लावला, की तो शत्रूला फसवायला केलेला देखावा. कप्तान जिवंत आहे, लपलाय, योग्य वेळी येणार.

दुसऱ्या भागात आला नाही. तिसऱ्यात नाही. सहाव्यापर्यंत नाही. दर वेळी मंडळ बाहेर पडून एकच विचारणार, "कप्तान कुठाय?"

पुढे तोच पहिला भाग टीव्हीवर आला. त्यात कप्तान आधी एरियल दुरुस्त करतो आणि मग जळून मरतो, तो मरतोच. परत वगैरे येत नाही. मंडळ खवळलं. कंपनीनं मागाहून कापाकापी केली, असा ठराव झाला. खरी मूळ प्रत आपण पाहिली, बाकीच्या जगाला बनवलं! इंटरनेट आल्यावर मंडळी जगाशी भांडायला लागली. जग हसायचं. जग जेवढं हसे, तेवढं मंडळ घट्ट होई.

आता सातवा भाग शुक्रवारी लागायचा होता. त्याची जाहिरात आली आणि तिच्या पहिल्याच चित्रात कप्तानाची कबर. दगड, नाव, वर एक वाळकं फूल. मंडळाच्या अंगाचा तिळपापड झाला. ठरलं, या वेळी कुणी जायचं नाही, गावातल्या कुणालाही जाऊ द्यायचं नाही. आणि मूळ प्रत स्वतःच्या हातानं लावलेला जगातला एकमेव साक्षीदार, म्हणजे आपले काका, त्यांचा मोबाइलवर शपथेवर जबाब घ्यायचा आणि तो कंपनीच्या तोंडावर फेकायचा.

खुर्चीतून उठून ऑपरेटरनं कापूस थुंकला. "डॉक्टर, मी काय म्हणतो..."

"दोन तास बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "औषध लावलंय."

वैताग, वैताग म्हणतात तो हाच. घरी जाईपर्यंत ऑपरेटर मनातल्या मनात त्या कप्तानाला, त्याच्या यानाला आणि त्याच्या एरियलला शिव्या घालत होता.

कारण खरी गोष्ट एवढीशी होती. त्या काळी पिक्चर चौदा डब्यांतून येई, प्रत्येक डब्यात एक रीळ. 'पहारेकरी'ची ती प्रत बरीच गावं हिंडून आली होती. डब्यांवरचे कागद निघालेले, रिळांची टोकं झिजून वरचे नंबर गेलेले. शहाणा ऑपरेटर अशा वेळी प्रत्येक रीळ टेबलावर फिरवून बघतो. पण बस उशिरा आली, लोक दारं मोडायला निघाले, आणि यानं घाईत अंदाजानं डब्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले. दहाव्या रिळाच्या डब्यावर अकरा, अकराव्याच्या डब्यावर दहा. झालं! आधी कप्तान मेला, मग एरियल दुरुस्त करायला आला.

मग पिक्चर चालू असताना दिसलं नाही? नाही दिसलं. ऑपरेटर पिक्चर बघत नसतो. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्याच्या हवाली करायचा. अकरा आठवडे या बाबानं कोपरा पाहिला. कप्तान मेला का जगला, त्याला काय ठाऊक! प्रत पुढच्या गावाला गेली तेव्हा तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, "अहो, तुमच्या दहात अकरा आणि अकरात दहा आहे की!" हा म्हणाला, "बसमध्ये इकडचं तिकडं झालं असेल." फोन ठेवला, आणि तोपर्यंत मंडळ स्थापन झालं होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्यानं हे बायकोला सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बायको त्याच थेटरात तिकिटाच्या खिडकीत बसायची, तिथंच यांचं जमलं. ती आधी नुसती बघत राहिली, मग हसायला लागली, ती उचकी लागेपर्यंत हसली.

"अहो, आणि मला वाटायचं, त्या पिक्चरचं नाव निघालं की तुम्ही उठून जाता, म्हणजे त्या वेळची काहीतरी भानगड आहे! रिळाची भानगड होती होय?"

"तुला हसू सुचतंय. उद्या शपथेवर बोलायचंय."

"मग बोला की. इतकी वर्षं गप्प राहून बोलताच आहात."

"गप्प राहणं वेगळं गं. कुणी विचारलंच नव्हतं. आता लिहून आणलंय त्यांनी, 'मी शपथेवर सांगतो' म्हणून."

बायकोनं डोळे पुसले. "तोंडचं खोटं वाऱ्यावर जातं. ते मोबाइलमधलं तुमच्या मागे उरेल. पण खरं सांगितलंत, तर उद्यापासून कुणी तुम्हाला काका म्हणणार नाही, एवढं धरून चाला."

"आणि नळ?"

"नळ मी बघीन."

बुधवारी दुपारी तो थेटरवर लवकर गेला. मालकीणबाई पोस्टर चिकटवत होत्या. म्हाताऱ्या मालकांची ही मुलगी, लहानपणी मशीनच्या खोलीत खेळलेली.

"या काका. या, माझ्या थेटराच्या मुळावर यायचं ना आज? मुहूर्त कितीचा?"

"तू पण सुरू होऊ नकोस."

"का नाही होऊ? सोफेवाल्याला गोदाम हवंय, तो दोनदा येऊन फूटपट्टी लावून गेला. सातवा रिकामा गेला, तर सोमवारी मी खुर्च्या काढणार. मंडळाला सांगा, मग फुटपाथवर उभं राहून सोफ्यांना शिव्या द्या."

ऑपरेटरला तिचा राग आला नाही. स्वतःचाच आला. तेवढ्यात मंडळ आलं. डॉक्टरांच्या हातात मोबाइल, वाळवीच्या काखेत जाडजूड फाइल, मॅडम दोघांच्या मागून. तिकिटाच्या खिडकीपुढे खुर्ची मांडली, ऑपरेटरला बसवलं, हातात कागद दिला.

"काका, कॅमेऱ्याकडे बघा. कोपऱ्याकडे नको, कॅमेऱ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "हां, वाचा."

"मी शपथेवर सांगतो," ऑपरेटरनं वाचलं, "की 'धूमकेतूचे पहारेकरी'च्या मूळ प्रतीत..."

तो थांबला.

"चष्मा देऊ?" वाळवी म्हणाला.

"नको. दिसतंय मला. मूळ प्रतीत कप्तान मरतो. मी दहावं आणि अकरावं रीळ उलटं लावलं होतं. आकडे घालताना माझी चूक झाली."

मालकीणबाईंच्या हातातलं पोस्टर एका टोकानं सुटून लोंबायला लागलं.

"कंपनीचा माणूस कधी येऊन गेला तुमच्याकडे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"कुठला माणूस?"

"काका, घाबरू नका. धमकी दिली का त्यांनी? नुसती मान हलवा."

"अहो डॉक्टर, कसली धमकी! चुकलो मी! पांढरा रंग, हा एवढा ब्रश, नि चुकलो!"

"हे त्यांनीच पढवलंय," डॉक्टर वाळवीला म्हणाले. "ब्रशसकट."

ऑपरेटरनं कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं खोटं खपलं आणि खरं काही केल्या खपेना! "अहो, बाही बघा. आगीच्या वेळी त्याची डावी बाही फाटलेली आहे. ती फाटते कुठं? एरियलवर. मग एरियल आधी नको?"

वाळवीच्या काखेतली फाइल हळूहळू खाली आली. त्या फाइलीत एकशे बारा पानं होती, आणि एकशे बाराच्या एकशे बारा त्या बाहीवर. आग बाही जुळवते, पण जुनी जखम आपली जागा सोडत नाही, म्हणून ती पुन्हा तिथंच फाटते, असा त्याचा सिद्धांत होता. त्याच्यापायी त्यानं लग्न एक वर्ष पुढे ढकललं होतं.

"एरियल आधी," तो म्हणाला. "आई शप्पथ. एरियल आधी घातलं की काही सिद्धच करावं लागत नाही."

"तू गप्प बस!" डॉक्टर ओरडले.

"डॉक्टर, तुम्ही दात बघा. बाही मला कळते."

मग त्या दोघांची जी जुंपली, ती जुंपली. तुमचा कप्तान, माझा कप्तान, तू तिसऱ्या भागाला टाळी वाजवली होतीस, मी नाही, मी डास मारला. मोबाइल चालूच होता, तो आपला छताचं चित्रण करत होता.

मॅडम मात्र एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वर्गात क्लच नि ब्रेक यांच्यातला फरक सांगताना चार गल्ल्यांना ऐकू जाणारी बाई ती. ती ऑपरेटरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"काका, मी नऊ वर्षांची होते. बाबा जाऊन बारा दिवस झाले होते. मामा मला घेऊन आला इथं, पोरीचं मन रमेल म्हणून. कप्तान जळाला तेव्हा मी खुर्चीखाली जाऊन बसले. मामा म्हणाला, अगं वर ये, बघ, आला तो परत."

ऑपरेटरनं उठून त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"पुढं कित्येक वर्षं मला वाटायचं, काहीतरी तसंच असणार. रडताहेत ते नुसतं दाखवायला. बाबा कुठंतरी एरियलच दुरुस्त करताहेत." त्यांनी खुर्ची परत त्याच्याकडे सारली. "ते काय खरं मानत नव्हते हो मी. मोठी झाले, मला कळतं. पण दर नवा भाग आला की जाऊन बघून यायचे. नाही आला, की अशी चीड यायची, अशी चीड यायची..."

"चुकलोच मी, पोरी."

"चुकलात तेव्हा बरं होतं. आज कशाला सांगितलंत?"

ऑपरेटरनं हातातला कागद दाखवला. "शपथ घ्या म्हणालात ना तुम्ही लोक."

डॉक्टर आणि वाळवी भांडण सोडून जवळ आले होते. मॅडमनी पदराचं टोक नाकाला लावलं, एकदा जोरात शिंकरलं, आणि लोंबणाऱ्या पोस्टरकडे बघितलं. त्यावर ती कबर होती.

"म्हणजे गेला तो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली जाऊन, आणि आपल्यातलं कुणी भेटायला म्हणून गेलं नाही. उलट दर वेळी दारात जाऊन भांडून आलो. किती वाजता आहे हो शुक्रवारी?"

"तीन," मालकीणबाई पटकन म्हणाल्या.

"मॅडम, बहिष्कार!" डॉक्टर म्हणाले.

"बहिष्कार कसला घालताय डॉक्टर, माणूस गेलाय!"

शुक्रवारी तीनला थेटराबाहेर जी रांग लागली, तशी त्या गावात मंत्री गेला तेव्हासुद्धा लागली नव्हती. सगळे साध्या फिक्या कपड्यांत. कुणी मोठ्यानं बोलेना. ओळखीचे भेटले की नुसतीच मान हलवायची आणि म्हणायचं, "कळलं आम्हाला परवा." पॉपकॉर्न घेणारा एक जण होता, त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की त्यानं पुडा शर्टाच्या आत घातला. डॉक्टर आले नाहीत. खरं म्हणजे आले, पण समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, आणि दिवे मालवल्यावर शेवटच्या रांगेत येऊन बसले. त्यांचं म्हणणं, ते विरोध नोंदवायला आत आले.

ऑपरेटर दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. शेजारची जागा मोकळीच राहिली. जो येई, तो त्याला बघून पुढं जाई. वाळवीनं मान दुसरीकडे फिरवली. काका कुणी म्हणालं नाही. बायकोनं सांगितलं होतं, तस्संच. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं.

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर कबर आली आणि अख्खं थेटर उठून उभं राहिलं. आजवर ज्यांनी कप्तानाला मेला म्हणू दिलं नाही, ती चारशे माणसं अंधारात उभी. कुणी हुंदके देत होतं, कुणी नाक ओढत होतं. मागच्या रांगेतून एक भला मोठा हुंदका आला. तो विरोध नोंदवणारा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण अध्यक्षांपुढं कुणी बोलत नाही.

आणि मग, साधारण चौथ्या मिनिटाला, वाळवीचा आवाज आला.

"दगड उजवीकडे का झुकलाय? जाहिरातीत डावीकडे होता."

"च्," कुणीतरी म्हणालं.

"आणि वाळकं फूल? यानावर फुलं कुठली? पाणी मोजून मिळतं त्यांना!"

"च् च् च्."

"मेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा म्हणावं," मागून डॉक्टर गरजले. "नावात एक अक्षर लहान काढलंय!"

मग जे सुरू झालं ते शेवटची पाटी पडेपर्यंत थांबलं नाही. कप्तानाला असा दगड शोभतो का, त्याच्या पोरीचं काम त्या ठोंबीला कुणी दिलं, हा पिक्चर करणाऱ्यानं पहिला भाग पाहिलाय तरी का. ऑपरेटरनं डोळे मिटून घेतले. यांच्यासाठी आपण तीन रात्री झोपलो नाही! यांच्यासाठी!

खेळ सुटला. फुटपाथ भरला. मॅडम सगळ्यांच्या शेवटी आल्या, डोळे सुजलेले, नाक लाल. त्या ऑपरेटरसमोर उभ्या राहिल्या. त्यानं मनाची तयारी केली.

"काका," त्या म्हणाल्या, "इतका भिकार भाग आजवर काढला नव्हता यांनी."

"हो का?"

"हो का काय? तुम्ही बघितलात ना? त्या दगडावर एक माणूस हात ठेवत नाही! यायचं, बघायचं, निघून जायचं! ही काय भेटायला यायची रीत झाली?" त्यांनी डोळे पुसले, पर्स उघडली, आणि तिकिटाच्या खिडकीकडे वळल्या. "उद्याचं एक द्या. आणि काकांचं एक, माझ्या शेजारचं. यांना नीट दाखवायला पाहिजे, कुठं कुठं चुकलंय ते."

"मला नको गं," ऑपरेटर कळवळून म्हणाला. "माझ्यानं नाही बघवणार परत."

"तुम्ही तर बोलूच नका," मॅडम म्हणाल्या. "तीन वाजता. पावणेतीनला गाडी पाठवते."